क्विनाइनचा दिवस

टिपणीस डॉक्टरांच्या हातचा मार खाल्ला नाही असा माणूस त्या काळी कल्याणच्या आमच्या आळीत शोधूनच काढावा लागला असता. मी स्वतः खाल्ला आहे. हिवतापाने फणफणलो होतो आणि त्यांनी दिलेले क्विनाइनचे मिश्रण त्यांची पाठ वळताच खिडकीतून गटारात ओतले होते. त्यांनी ते पाहिले. काही न बोलता आले, कानशिलात एक ठेवून दिली, आणि माझे तोंड उघडे पडले तेवढ्यात नाक दाबून दुसरा डोस आत ओतला. मी तेव्हा शाळेत शास्त्र शिकवत होतो, स्वतः पोरांना छड्या मारत होतो. ताप उतरला हे खरे, पण पुढे कितीतरी दिवस डावा कान दुखत होता.

स्वातंत्र्य नुकतेच मिळाले होते. कल्याणात हिवताप मात्र इंग्रज गेला तरी गेला नव्हता. खाडीची दलदल, भातशेतांतले साचलेले पाणी, आणि डास असे की संध्याकाळी जेवताना तोंड झाकून घास घ्यावा. भाद्रपद लागला की डॉक्टरांच्या दवाखान्यातले बाकडे भरून जाई. पुढे दवाखाना, मागे त्यांचे बिऱ्हाड, मध्ये एक जाड लाकडी दार. त्या बिऱ्हाडाच्या भिंतीला भिंत लावून माझी भाड्याची खोली होती, त्यामुळे डॉक्टर मला दोन्ही अंगांनी माहीत होते.

माणूस ठेंगणा, रुंद, मनगटे लोहाराची. बाह्या सदा कोपरापर्यंत दुमडलेल्या. राग नाकाच्या शेंड्यावर म्हणतात, यांचा राग नाकाच्याही पुढे चालायचा. 'औषध कडू नसतं, माणूस लाडका असतो' हे त्यांचे ठरलेले वाक्य. क्विनाइन त्यांच्यासमोर बाकड्यावर बसूनच प्यायचे, घरी न्यायला बाटली मिळायची नाही, कारण लोक ती घरी नेऊन कोनाड्यात ठेवतात आणि दृष्ट काढतात हे त्यांना ठाऊक होते. प्यायले की काशिनाथ कंपाउंडर गुळाच्या ढेपेतला एक खडा हातावर ठेवायचा. कडू तोंडाने बाहेर गेलेला माणूस नाक्यावर जाऊन ओकतो, गूळ चघळणारा ओकत नाही, असा त्यामागचा हिशोब. काशिनाथच्या अंगात हे इतके भिनले होते की कोणी दात आवळून धरले तर तो आधी गूळच पुढे करायचा.

गूळ मिळत नसे तो फक्त डॉक्टरांना. त्यांना मधुमेह होता. फार जोराचा नव्हे, पण रोज सकाळी काचेची पिचकारी उकळून मांडीत थोडे इन्सुलिन टोचून घ्यायचे. लघवीतली साखर तपासायचे काम त्यांनी माझ्या गळ्यात मारले होते. परीक्षानळीत निळे द्रावण घालून उकळायचे; निळेच राहिले तर साखर नाही, विटकरी झाले तर भरपूर. "मास्तर, शाळेत पोरांना उगाच रंगीत पाणी दाखवता, इथे जरा उपयोगाचं दाखवा," असे म्हणून नळी माझ्या हातात द्यायचे. कधी इन्सुलिन जास्त झाले की त्यांना दरदरून घाम सुटे, हात कापत. मग ते हक्काने गुळाचा खडा तोंडात टाकत, आणि तो विरघळेपर्यंत त्यांच्यासारखा सुखी माणूस कल्याणात दुसरा नसे.

त्यांच्या हाताची कीर्ती झाली ती कोपरच्या प्रकरणात. कोपर म्हणजे तेव्हा खाडीकाठचे आगऱ्यांचे गाव, मिठागरांवर आणि भातावर जगणारे. तिथला बामा म्हात्रे बायको तापाने बडबडते म्हणून औषध न्यायला आला. डॉक्टर म्हणाले, बाई बघितल्याशिवाय औषध नाही, आणि टांगा काढला. रविवार होता, मलाही बरोबर ओढले. टांगा जाईल तिथवर गेलो, पुढे बांधावरून चालत; बामा आमच्या आधी धावत घरी पोचला.

घरात मिरच्यांची धुरी कोंडलेली. मध्ये बाई पडलेली, तिचे केस एका भगताच्या मुठीत, आणि तो वेताच्या छडीने तिच्या पाठीवर मारत होता. पाठ फुटली होती. दारात अर्धे गाव उभे, त्यांत बामाही.

"डाक्तर, हिला बाहेरचा लागलाय," भगत म्हणाला. "तुमची सुई चालाची नाय इथं."

डॉक्टरांनी छडी त्याच्या हातातून काढून घेतली आणि त्याच छडीने त्याला असा हाणला की तो धुरीवरच पालथा पडला. तो उठायला गेला की पुन्हा हाणत. त्याच्या कपाळातून रक्त आले, तरी थांबेनात. मी मागून हात धरला तर त्यांच्या हाताचे कोपर माझ्या बरगडीत बसले. मग त्यांनी बामाला पुढे ओढले. "बायको मार खात होती आणि तू बघत होतास?" असे म्हणून त्यालाही चार लगावल्या. गावातला एक माणूस पुढे झाला नाही. बाईला बैलगाडीत घालून दवाखान्यात आणली, क्विनाइनची सुई दिली, आणि ती जगली. त्यानंतर बामा म्हात्रे बाजारात कोणालाही थांबवून सांगायचा, "डाक्तरानी मना मारला म्हनून माझी बायको वाचली." मार दाखवायला त्याने अंगरखा वर केलेला मी पाहिला आहे.

लोकांना हे आवडायचे. मलाही आवडले होते, बरगडी दुखत होती तरी. बाईला मारणाऱ्याला मारणारा डॉक्टर. आता हे लिहिताना हसू येते, पण ते चांगले हसू नव्हे. कारण हाच डॉक्टर मधले लाकडी दार लावून घेऊन स्वतःच्या बायकोला मारायचा.

वहिनी ठाण्याच्या. मॅट्रिक झालेल्या, उंच, डॉक्टरांपेक्षा बोटभर उंचच, आणि हसल्या की दवाखान्यापर्यंत ऐकू जाणाऱ्या. पिचकाऱ्या उकळणे, पट्ट्यांचे कापड फाडणे, रडणाऱ्या पोरांना बोलण्यात गुंतवणे, ही कामे त्यांचीच. मूलबाळ नव्हते. आळीत दोन गोष्टी सगळ्यांना माहीत होत्या: डॉक्टरांचा हात गुणाचा आहे, आणि दार लागले की तिकडे बघायचे नाही. आधी शिव्या, मग भांडे आपटल्याचा आवाज, मग थोडा वेळ काहीच नाही. दुसऱ्या दिवशी वहिनींचा पदर डोक्यावरून जरा पुढे आलेला. "तापट माणूस आहे," शेजारच्या बायका म्हणत, "पण मन निर्मळ." मन निर्मळ असलेल्या माणसांपासून देव राखो, असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

आता त्या दिवसाचे सांगतो. भाद्रपद संपत आला होता आणि खुद्द डॉक्टरांनाच हिवतापाने गाठले. मागच्या खोलीत खाटेवर पडले होते. तापात लंघन करणाऱ्यांची ते जन्मभर टर उडवत आले, पण स्वतःची वेळ आली तेव्हा अन्नावरची वासनाच गेली. आदल्या दिवसापासून पोटात काही नव्हते. खात नाही म्हणून इन्सुलिनही घेतले नव्हते. क्विनाइन मात्र ठरल्या वेळी घेत होते, आणि गुळाशिवाय.

दुपारची वेळ. शाळेला सुट्टी होती, मी खोलीत वाचत होतो. भिंतीपलीकडून वहिनींची किंकाळी आली. इतक्या वर्षांत त्या ओरडलेल्या मी ऐकल्या नव्हत्या. धावलो. दवाखान्यातून काशिनाथही धावला. दार उघडेच होते. वहिनी पेज घेऊन गेल्या होत्या; पेज भिंतीवर उडालेली, आणि डॉक्टरांच्या हातात औषध कुटायच्या खलाचा लोखंडी बत्ता. वहिनींचा उजवा हात मनगटाच्या वर, जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. दुसरा फटका डोक्यात बसायच्या आत आम्ही दोघे त्यांच्यावर पडलो.

तापाने झिजलेला माणूस, पण दोघांना आवरेना. मला भिंतीवर आपटले, काशिनाथच्या खांद्याचा लचका तोडला. तोंडातून एक शब्द नाही, शिवी नाही. अंग घामाने इतके भिजलेले की हात निसटत होते. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. शेवटी मी पायांवर बसलो, काशिनाथ छातीवर. "ताप डोक्यात गेला," तो रडत म्हणाला. डॉक्टरांचे दात आवळले गेले होते. क्विनाइन प्यायलेल्या माणसाने दात आवळले की काशिनाथ जे करायचा तेच त्याने केले. बंडीच्या खिशात खडा होता, तो बोटाने गालफडात कोंबला, मग दुसरा. विचार करून नव्हे. भ्यालेल्या माणसाचा हात सवयीच्या वाटेने जातो, तसे.

हळूहळू अंगातला जोर उतरला. डॉक्टरांनी डोळे मिटले, उघडले, गालातला गूळ जिभेने चाचपला. मला म्हणाले, "मास्तर, माझ्या पायांवर काय बसलात?" मग त्यांची नजर कोपऱ्यात गेली. वहिनी मोडलेला हात मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

"काय झालं हिला? कोणी मारलं?"

त्यांना खरोखरच माहीत नव्हते. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात राग नव्हता, हे मी शपथेवर सांगेन.

संध्याकाळी वहिनींचा भाऊ येऊन त्यांना ठाण्याला घेऊन गेला. हात तिथेच बसवला. आळीत कोणाला नवल वाटले नाही. "आज ना उद्या व्हायचंच होतं," इतकेच सगळे म्हणाले. डॉक्टर बरे झाले, दवाखाना उघडला, पण नुसते बसून राहत. कोणाला मारले नाही. एक दिवस मला आत बोलावले.

"मास्तर, मला इन्सुलिन जास्त झालं की कसं होतं तुम्ही पाहिलंय. घाम, थरथर. त्या दिवशीही घाम होता ना?"

"अंघोळ केल्यासारखा."

"आणि गुळाने उतरलं. म्हणजे रक्तातली साखर खाली गेली होती. पण इन्सुलिन मी घेतलंच नव्हतं. मग ती खाली ओढली कोणी?" त्यांनी क्विनाइनची बरणी पुढे सरकवली. "मागच्या दोन्ही हिवतापांत, इन्सुलिन न घेता, माझी नळी निळीच राहिली होती. तुम्हीच उकळली होतीत. मी म्हटलं, उपास घडला म्हणून असेल. पुस्तकं सगळी चाळली. कुठेच काही नाही."

मी म्हटले, असेल तसे. त्यांनी टेबलावर मूठ आपटली. "असेल नको मला. तिचा हात मी मोडला की ह्याने मोडला, ते मला कळलं पाहिजे. मग मी तिला आणायला जाऊ शकेन."

पुढच्या रविवारी त्यांनी स्वतःला बांधून घेतले. आदल्या दिवसापासून उपाशी, इन्सुलिन बंद. तपासणीच्या लोखंडी खाटेवर झोपले, आणि टांगेवाल्याकडून आणलेल्या दोराने काशिनाथने आणि मी त्यांचे हातपाय आवळले. साखरेचे पाणी तयार होते. गिळता आले नाही तर शिरेतून द्यायला ग्लुकोजची सुईही भरून ठेवली होती. "शिव्या दिल्या तर सोडू नका," ते म्हणाले. "रडलो तर मुळीच सोडू नका. पूर्ण खात्री पटल्याशिवाय साखर द्यायची नाही." मग त्यांनी क्विनाइनचा असा मोठा डोस घेतला की काशिनाथने तोंड फिरवले.

मी त्यांना विचारले, यात जीव गेला तर? ते म्हणाले, "गेला तर उत्तर मिळालं म्हणायचं."

सुरुवातीला नुसते कानात घंटा वाजतात म्हणाले. मग जांभया. मग कपाळावर घामाचे थेंब उभे राहिले. मी नाव विचारले तर हसले. पुन्हा विचारले तर थुंकले. आणि मग ते सुरू झाले. खाट जमिनीवरून उचलली जाऊन आपटत होती. दोर मनगटांत रुतून रक्त वाहू लागले, तरी ते ओढतच होते. डोके मागे लोखंडावर आपटू लागले, मी खाली हात घातला तर माझी बोटे चेचली. काशिनाथ ओरडला, "बस झालं मास्तर, बस झालं." साखरेचे पाणी अर्धे अंगावर गेले, शेवटी त्याने सुई शिरेत घातली.

शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी आधी आपली मनगटे पाहिली. मग विचारले, "तेच?"

"तेच," मी म्हणालो. "डोळेसुद्धा तसेच."

तो ठोकळ्यासारखा माणूस लहान मुलासारखा रडला. "मी नव्हतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "काशिनाथ, मी नव्हतो रे." क्विनाइनने रक्तातली साखर एकदम उतरू शकते, हे पुढे कित्येक वर्षांनी डॉक्टर झालेल्या माझ्या पुतण्याने मला सहज म्हणून सांगितले. आता ते पुस्तकांत आहे म्हणे.

दुसऱ्याच दिवशी आम्ही ठाण्याला गेलो. मी साक्षीदार. वहिनी भावाच्या घरी ओसरीवर बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. डॉक्टरांनी सगळे सांगितले: उपास, बरणी, निळी नळी, दोर. बाह्या सरकवून मनगटे दाखवली. इतके मऊ बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. वहिनींनी सगळे नीट ऐकून घेतले. मध्ये दोनदा प्रश्नही विचारले, आणि ते चांगले प्रश्न होते.

"म्हणजे त्या दिवशी तुम्ही नव्हता," त्या म्हणाल्या.

"नव्हतो. विचार मास्तरांना."

"त्यांना कशाला विचारू? मला तेव्हाच कळलं होतं. तुमचा हात उठतो तेव्हा तुमचे डोळे कसे असतात, ते मला पाठ आहे. त्या दिवशी ते तसे नव्हते. त्या दिवसाचं माझ्या मनात काही नाही."

डॉक्टरांचा चेहरा उजळला. "मग चल घरी."

"नागपंचमीला वरणात मीठ जास्त पडलं होतं," वहिनी म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "तेव्हा कुठलं औषध घेतलं होतंत?"

डॉक्टरांची नजर स्वतःच्या मनगटांवर गेली.

"माझ्या आईच्या दिवसांना जाऊ दिलं नाहीत, मी उलट बोलले, तेव्हा? काशिनाथसमोर मी हसले म्हणून, तेव्हा?" त्यांनी प्लास्टरचा हात दुसऱ्या हाताने सावरला. "त्या दिवशी तुम्ही शुद्धीत नव्हता, म्हणून काशिनाथ धावला, हे मास्तर धावले, तुमचे हात धरले. एरवी तुम्ही शुद्धीत असायचात, म्हणून कोणी धरलं नाही. मी इथे आले ती त्या दिवसासाठी नव्हे. बाकीच्या दिवसांसाठी आले."

मी माझ्या चेचलेल्या बोटांकडे बघत बसलो. डॉक्टरांनी बाह्या खाली केल्या, बटणे लावली, आणि आम्ही परत आलो. गाडीत ते एवढेच म्हणाले, "उपाय नाही त्याच्यावर. गूळ नाही."

त्यानंतर ते दर रविवारी ठाण्याला जात. वहिनी चहा देत आणि परत पाठवत. प्लास्टर निघाले, हात थोडा वाकडाच राहिला. दिवाळी, संक्रांत गेली. एक दिवस वहिनी स्वतःच आल्या, भावाला घेऊन, आणि बरोबर एक सुतार. सामान टांग्यातच ठेवले. सुताराने दवाखाना आणि बिऱ्हाड यांच्यामधले लाकडी दार बिजागऱ्यांसकट काढले. बाकड्यावर बसलेले रोगी बघत होते, डॉक्टर बघत होते. दार भावाच्या टांग्यात चढले आणि वहिनींचे सामान उतरले. "इथे पडदासुद्धा लागायचा नाही," असे त्या सुताराला म्हणाल्या, पण सगळ्यांना ऐकू जाईल असे. डॉक्टर म्हणाले, "बरं."

मग ते सुधारले का? लोक मला हे विचारतात. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. रोग्यांना ते पुढेही मारत, पण कमी. बाकीचे मला ठाऊक नाही, आणि निदान भिंतीतून तरी काही ऐकू आले नाही.

पुढे काही वर्षांनी मी डोंबिवलीला बिऱ्हाड हलवले. डीडीटी फवारणारे घरोघर फिरू लागले होते, हिवताप ओसरला होता. निरोप घ्यायला म्हणून मी दवाखान्यात गेलो. बाकडे खोकल्या-पडशाच्या माणसांनी भरले होते, कोपरचा बामा म्हात्रे आणि त्याची बायकोही त्यांत होती. दार नसलेल्या चौकटीतून आतले सगळे दिसत होते. वहिनी पिचकारी घेऊन आल्या, वाकड्या हातातून ती निसटली आणि फरशीवर फुटली. डॉक्टर खुर्चीवरून उठले. "डोळे फुटलेत का?" म्हणाले, आणि हात वर गेला.

बाकड्यावरून बामाची बायको उठली. मग बामा. मग खोकणारी एक म्हातारी, मग सगळेच. कोणी पुढे झाले नाही, कोणी ओरडले नाही. नुसते उभे राहिले, आणि मीही त्यांच्यात उभा होतो. वहिनी हलल्या नव्हत्या. डॉक्टरांचा हात वरच होता आणि ते आमच्याकडे एकेकाकडे बघत होते, पूर्ण शुद्धीत.

"डाक्तर," बामाची बायको म्हणाली, "बसा."

डॉक्टर बसले.